वाचकांचे प्रश्न : कडी कोणत्या बाजूला?

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं एक लहानसं महिला मंडळ आहे. एका सभासद बाईंनी आपलं जुनं दुमजली घर मंडळाला दिलं आहे. नवऱ्याच्या किंवा सासरच्या मारहाणीतून निघून आलेल्या बायकांना काही महिने राहता यावं, एवढीच त्यांची अट. खाली चार खोल्या, वर तीन, मागे अंगण आणि अंगणात मोठा कडुनिंब. सात-आठ बायका आणि त्यांची मुलं राहतील अशी तयारी करायची आहे, हाताशी सहा लाख रुपये आहेत. समितीत रोज वाद चालतात. कुणी म्हणतं, सगळीकडे कॅमेरे आणि जाड ग्रिल लावा, लोखंडी बंकबेड टाका. कुणाला भिंती गुलाबी हव्यात, त्यावर नारीशक्तीची चित्रं हवीत. कडुनिंब तोडून गाड्यांसाठी शेड टाकायचंही घाटत आहे. माझ्या मुलीनं 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड डिझाइन' असा शब्द सांगितला. तो काय प्रकार आहे? आणि आम्ही सुरुवात कुठून करायची?
— एक कार्यवाह, नागपूर

उत्तर : सुरुवात दारांपासून करा. रंगाचं नंतर बघू.

उद्या सकाळी एक वही घेऊन त्या घरात जा आणि एकेक दार तपासा. कडी कोणत्या बाजूला आहे? आपल्याकडच्या जुन्या घरांत जवळजवळ प्रत्येक खोलीला दोन्हीकडून कडी असते. आतून टॉवर बोल्ट आणि बाहेरून आडवी कडी, कुलूप घालायला कोयंड्यासकट. तुम्हाला-मला त्यात काही वावगं दिसत नाही, रोजचंच आहे. पण जिला तिच्या स्वतःच्या घरात दोन-दोन दिवस कोंडून ठेवलं होतं, तिची नजर सगळ्यात आधी त्या बाहेरच्या कडीवर जाते.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवासाच्या तीन खोल्या मी सजवून दिल्या होत्या. मन लावून केलं होतं काम. लकडगंजात स्वतः उभी राहून प्लाय निवडला, गांधीबागेतून पडद्यांचं कापड आणलं, कपाटाच्या सरकत्या दारांना उंच आरसे लावले, म्हणजे खोली मोठी वाटेल. पलंग खिडकीखाली ठेवला, उजेड-वारा लागावा म्हणून. उद्घाटनाला सगळ्यांनी कौतुक केलं. आठवड्याभरानं मी सहज चौकशीला गेले, तर तिथल्या काळजीवाहिका म्हणाल्या, "ती बाई पलंगावर झोपतच नाही. गादी ओढून दाराला लावते आणि दाराला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपते."

मी त्या बाईजवळ जाऊन बसले. उमरेडकडची होती, वय तिशीच्या आतबाहेर. बराच वेळ काही बोलली नाही. मग दाराकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "ताई, रात्री ही बाहेरची कडी कोन लावते?"

मी म्हटलं, "कुणीच नाही."

"मंग ठेवली काहून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कडी तिथं होती, कारण दाराला ती असतेच. तिच्या जागी बसून मी ती खोली पहिल्यांदा नीट पाहिली. पलंगावरून दार दिसत नव्हतं, मध्ये माझंच कपाट येत होतं. आणि कपाटाच्या आरशात रात्री नाइट लॅम्पच्या उजेडात कुणीतरी हलल्यासारखं दिसायचं. ते हलणारं माणूस ती स्वतःच होती, पण अर्धवट झोपेतून दचकून उठल्यावर हे कळायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात पुन्हा सगळं अंगावर येतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तिन्ही दारांच्या बाहेरच्या कड्या काढल्या, स्क्रूची भोकं पुट्टीनं बुजवली, आरसे उतरवले, पलंग आतल्या भिंतीला लावला. चार तासांचं काम. तेवढ्यासाठी त्या बाईची आठ रात्रींची झोप गेली होती, हे मी विसरू शकलेले नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर यांच्या दारांना बाहेरून एकही कडी राहू देऊ नका. काढून टाका आणि भोकंही बुजवा, कारण कडीची रिकामी जागासुद्धा ओळखू येते. आतून मात्र बंद करता आलंच पाहिजे. कुणी आत चक्कर येऊन पडलं, एखाद्या लेकरानं स्वतःला कोंडून घेतलं, तर काय, असा प्रश्न समितीत नक्की निघेल. बाथरूमसाठी एक साधं कुलूप मिळतं. आतून अंगठ्यानं फिरवायचं आणि अडचणीच्या वेळी बाहेरून नाणं घालून उघडायचं. तेच खोल्यांनाही बसवा. आणि ते बाहेरून उघडतं हे प्रत्येकीला ती राहायला येईल त्याच दिवशी, दारापाशी उभं राहून, स्वतः उघडून दाखवा. हे तिला नंतर आपोआप कळलं तर तिचा तुमच्यावरचा विश्वास तिथंच संपेल.

आता मुलीनं सांगितलेल्या शब्दाविषयी. राहायला येणारीनं काय सोसलं आहे याची जाण ठेवून जागा मांडायची, एवढाच त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं धाकात काढलेलं शरीर सावध राहायला शिकलेलं असतं आणि धोका टळला म्हणून ते लगेच निवांत होत नाही. किल्ल्या वाजल्या, दार आपटलं, मागून कुणी आलं की छातीत धस्स होतं. झोप तुटक लागते. सांगितलेलं ध्यानात राहत नाही, म्हणून 'काल तर सांगितलं होतं' असं म्हणत तिच्यावर वैतागण्यात अर्थ नसतो. अमेरिकेतल्या 'सॅम्हसा' या सरकारी संस्थेनं २०१४ साली अशा कामासाठी सहा तत्त्वं मांडली. सुरक्षितता, विश्वासार्हता आणि पारदर्शकता, समदुःखी माणसांचा एकमेकांना आधार, सहकार्य, निवडीचं स्वातंत्र्य आणि स्वतःचा आवाज, आणि संस्कृती-लिंगभाव यांचं भान. ती इमारतींसाठी लिहिलेली नाहीत, पण इमारतीला चांगली लागू पडतात. मला विचाराल तर मी निवडीला पहिला मान देईन. ती जिथून निघून आली त्या घरात दिवा कधी मालवायचा, दार कधी लावायचं, पंखा किती वेगानं फिरवायचा हे सगळं दुसरं कुणी ठरवत होतं. ते तिच्या हातात परत द्यायचं, एवढं काम सहा लाखांत नक्की होतं.

पलंगाचंच घ्या. झोपल्या जागेवरून दार दिसावं आणि डोक्यामागे भरीव भिंत असावी, असं मी सुचवते. पण पलंग भिंतीत ठोकून टाकू नका. एखादीला दक्षिणेकडे डोकं करूनच झोप लागते, एखादीला खिडकीजवळ बरं वाटतं. तिला ओढता येईल असा हलका दिवाण द्या, पायांना खाली रबर लावा म्हणजे ओढताना किंचाळणार नाही. बंकबेडला माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडे आई लेकरांना कुशीत घेऊन झोपते, आणि या दिवसांत तर मुलं तिला क्षणभर सोडत नाहीत. बंकबेडवर ती दोन मुलांना कुठं घेणार? दोन कमी उंचीचे दिवाण जोडता येतील असे करून घ्या. खाली लोखंडी पेटी सरकवता येईल एवढी उंची ठेवा.

त्या पेटीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बजेट ताणलं की लोक आधी हीच वस्तू यादीतून काढतात. बाई घरातून निघते तेव्हा तिच्याजवळ असलंच तर एका पिशवीत आधार कार्ड, राशन कार्डाची झेरॉक्स, मुलाची टीसी, दवाखान्याची चिठ्ठी आणि कुठल्याशा पाकिटात दोन कानातली असतात. पुढच्या सगळ्या कोर्टकचेरीचा आधार ती पिशवी. रात्रभर ती उशाशी धरून झोपलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रत्येकीला कुलूप लागेल अशी पेटी किंवा कपाटाचा कप्पा द्या आणि किल्ली तिच्या हातात द्या. दुसरी किल्ली ऑफिसात ठेवायची असेल तर तसं तिला सांगा, पाकिटात घालून तिच्यासमोर चिकटवा, पाकिटावर तिची सही घ्या. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापिका जिल पेबल यांनी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यातल्या दोन सारख्याच खोल्या घेतल्या, एकीत पडदे, फळ्या, सामान ठेवायची सोय असे साधेच बदल केले आणि दोन्हींत राहिलेल्या कुटुंबांचे अनुभव ताडून पाहिले. मोठी बांधकामं करायला पैसा नसतो तिथं याच गोष्टी करता येतात, म्हणून मला ते काम जवळचं वाटतं.

कॅमेऱ्यांविषयी. फाटकावर, कंपाउंडच्या भिंतीवर आणि जिन्याच्या बाहेरच्या दारावर जरूर लावा. शोधत येणारे नवरे, दीर, कधी कधी भाऊसुद्धा असतात आणि भीती खरी आहे. पण राहत्या जागेत, जेवणाच्या खोलीत, अंगणात एकही नको. कित्येकींचा फोन नवरा तपासायचा, कुणाशी बोलते यावर डोळा असायचा. इथंही कुणीतरी बघतंच आहे असं वाटलं तर ती मोकळेपणानं रडणारसुद्धा नाही. कॅमेरा कुठं आहे, पडद्यावर कोण बघतं, चित्रण किती दिवस ठेवता, हे सगळ्यांना सांगा. ग्रिल बसवताना प्रत्येक खोलीतलं एक ग्रिल बिजागरीवर उघडणारं करून घ्या, आग लागली तर बाहेर पडायला. आणि दर्शनी पाटी नको. पत्ता जितक्या कमी लोकांना माहीत, तितकं बरं. भेटायला येणाऱ्यांसाठी फाटकाजवळची खोली वेगळी ठेवा, म्हणजे त्यांना घरात शिरावंच लागणार नाही.

एक मुद्दा आपल्या नागपूरचा आहे. तो म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की कूलरशिवाय रात्र निघत नाही. पण आपण कूलर खिडकीत बसवतो, म्हणजे खिडकी गेली. आणि त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. एका बाईनं मला सांगितलं होतं, ती रात्री दर अर्ध्या तासानं कूलर बंद करायची, कानोसा घ्यायची, पावलं वाजत नाहीत ना ते ऐकायची आणि पोरगी घामानं निथळायला लागली की पुन्हा चालू करायची. पहाटेपर्यंत हेच. "झोप येऊनच नाही राहिली ताई," असं ती म्हणायची आणि सगळे समजत होते, उकाड्यामुळं. तुमच्या घरात दोन-दोन खोल्यांना मिळून एक मोठा कूलर बाहेर अंगणाच्या बाजूला ठेवा आणि डक्टनं हवा आत घ्या. आवाज बराच बाहेर राहतो आणि खिडकी मोकळी राहते. गच्चीला चुन्याचा पांढरा लेप द्या, वरच्या तीन खोल्यांना त्याचा फरक चांगला जाणवतो. प्रत्येक खोलीच्या दाराला बघायचं भिंग बसवा, बसूनही डोळा लावता येईल अशा उंचीवर. कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच, दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि तुमच्याकडे मुलं असणार आहेत. उन्हाळी वाऱ्यानं दारं धाडकन आपटतात, त्यासाठी चुंबकाचे स्टॉपर आणि चौकटीला फेल्टची पट्टी. दोन्ही इतवारीत स्वस्तात मिळतं.

कडुनिंब तोडू नका. समितीला आकडे हवे असतील तर हे वाचून दाखवा. रॉजर उलरिख या संशोधकानं पेन्सिल्व्हेनियातल्या एका इस्पितळातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ साली हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. तुमच्याकडे तर झाड आयतं उभं आहे, दुपारी अंगणाला सावली देणारं. त्याच्याखाली एक चौथरा बांधा, दोन बाजूंनी बसता येईल असा, म्हणजे समोरासमोर न बसताही बोलता येतं. मनातलं सांगायला पुष्कळ बायकांना हेच सोपं जातं. गाड्या रस्त्यावर राहू द्या.

समुपदेशनाच्या खोलीतही तेच. मध्ये टेबल नको, खुर्च्या सारख्या उंचीच्या आणि थोड्या तिरप्या ठेवा, दाराजवळची खुर्ची तिला द्या. दार भरीव लाकडाचं, बाहेर आवाज जाऊ नये. आणि त्या खोलीतून मुलं खेळतात ती जागा काचेतून दिसावी. आई रडताना मुलांनी ऐकू नये, पण मुलं आईच्या नजरेआड होऊ नयेत.

स्वयंपाकघरात दोन दारं ठेवता आली तर बघा, म्हणजे तिथं कुणाला कोंडल्यासारखं वाटणार नाही. मीठ कमी पडलं, पोळी गार झाली म्हणून मार खाल्लेल्या बायका येणार, जळालेल्याही येतील. कुणावर स्वयंपाकाची सक्ती करू नका, हे डिझाइनच्या पलीकडचं आहे पण सांगून टाकते. जेवणाच्या खोलीत एक चहाचा कोपरा मात्र रात्रभर उघडा ठेवा. इंडक्शनची शेगडी, एक पातेलं, साखर-पत्तीचे डबे, चार स्टीलचे पेले. रात्री दोन वाजता झोप उडालेली बाई कुणाची परवानगी न घेता उठून चहा करून पिऊ शकते, ही तिच्यासाठी फार मोठी गोष्ट असते. बरेचदा तिथंच दुसरी भेटते आणि पहिल्यांदा बोलणं होतं.

देवघराचा प्रश्न तुमच्याकडे निघेलच. बैठकीत एकच मोठं देवघर करू नका. तुमच्याकडे बौद्ध घरातली येईल, मोमिनपुऱ्यातली येईल, गोंड आदिवासी येईल. प्रत्येकीच्या कपाटात डोळ्यांच्या उंचीवर एक छोटी फळी मोकळी सोडा. तिथं ती बाबासाहेबांचा फोटो ठेवील, ताजुद्दीन बाबांचा, गजानन महाराजांचा, नाहीतर मुलाच्या शाळेतलं चित्र.

देणगीदारांसाठी एक विनंती. पंख्याच्या पात्यावर, कपाटाच्या दारावर, पलंगाच्या डोक्याशी 'अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' असं रंगवू नका. देणाऱ्यांच्या भावना खऱ्या असतात, त्यांची नावं ऑफिसात एका फलकावर सुरेख अक्षरात लिहा. पण जी बाई रात्री जागी पडून वर पाहते, तिला छतावर दुसऱ्याचे उपकार वाचायला लावू नका. प्रवेशद्वारावरची नियमावलीही तशीच. 'मोठ्याने बोलू नये', 'दिवे दहाला बंद' असं आत शिरतानाच वाचलं की तिला वाटतं, एका धाकातून निघून दुसऱ्यात आले. नियम कागदावर द्या, बसून समजावून सांगा.

रंग शेवटी. अमुक रंगानं मन शांत होतं असं छातीठोक सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. कोणत्या रंगाशी कुणाची काय आठवण जोडलेली आहे, ते आपल्याला बाहेरून कळत नाही. मळ न दिसणारा, धुता येणारा, चमक नसलेला कोणताही हलका रंग चालेल. मात्र प्रत्येक खोलीची एक भिंत वेगळ्या रंगाची करा, म्हणजे मुलाला 'आपली हिरवी खोली' असं म्हणता येईल. नारीशक्तीची चित्रं नकोत. रात्री पळून आलेली बाई त्या क्षणी दुर्गा नसते, तिला फक्त पडायचं असतं. पडद्यांचं मात्र असं करा. गांधीबागेतून चार-पाच प्रकारचं सुती कापड आणून शिवून ठेवा आणि येणारीला विचारा, यातला कोणता लावू? पहिल्याच दिवशी तिच्या पसंतीची एक गोष्ट त्या खोलीत लागते.

पैशांचा क्रम मी असा लावीन. आधी कड्या-कुलपं आणि वायरिंग, मग संडास-बाथरूम घराच्या आत आणि खोल्यांच्या जवळ, मग पेट्या आणि दिवाण, मग कूलर. बाथरूममध्ये गॅस गिझर चुकूनही नको, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जातो. तळमजल्यावरची एक खोली कायम रिकामी आणि तयार ठेवा, अवेळी येणारीसाठी. अंथरूण घातलेलं, टॉवेल, गाऊन, आतले नवे कपडे, पॅड, कंगवा, लहान मुलांच्या कपड्यांचे दोन-तीन मापांचे जोड. रात्री येणारीला कुणाला उठवावं लागू नये आणि कुणाच्या नजरेला तोंडही द्यावं लागू नये. उरलेल्यातले चाळीस-पन्नास हजार मुळीच खर्चू नका. चार बायका दोन महिने राहिल्या की त्यांना विचारा, काय बदलायचं? त्या सांगतील ते करायला तेव्हा पैसे लागतील.

---

प्रश्न : मी एका महिला निवासात रात्रपाळीला काळजीवाहिका आहे. बायका रात्रभर दिवे सुरू ठेवतात. वरून सूचना आहे की साडेदहाला खोल्यांचा मेन बंद करायचा. मी केला की आरडाओरडा होतो, एक मुलगी तर थरथर कापत होती. बिलाचं कारण पुढे करतात. मी काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्ही तिला थरथरताना पाहिलं आणि लिहायला बसलात, यासाठी मी तुमचे आभार मानते. मेन बंद करू नका. दुसऱ्या कुणीतरी एकदम अंधार करणं, हा या बायकांच्या आयुष्यातला ओळखीचा प्रसंग आहे.

वरच्यांना हा हिशेब दाखवा. ९ वॅटचा एलईडी दिवा दहा तास जळला तर ०.०९ युनिट होतं. असे आठ दिवे रात्रभर सुरू राहिले तरी महिन्याला साधारण २२ युनिट. एवढ्यासाठी हे भांडण नको. शिवाय खर्च आणखी कमी करता येतो. प्रत्येक पलंगाजवळ ३ वॅटचा पिवळसर उजेडाचा दिवा आणि त्याचं बटण पडल्या पडल्या हाताला लागेल असं. दिव्याच्या खोक्यावर ३००० केल्विन किंवा त्याहून कमी लिहिलेलं बघून घ्या, पांढरा झगझगीत उजेड रात्री नको. व्हरांड्यात आणि संडासाच्या वाटेवर घोट्याच्या उंचीला, खाली उजेड पडेल असे छोटे दिवे. आणि तुमच्या निवासात अजून जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर त्या आधी बदला, त्यांची ती फडफड फार त्रासाची. व्हरांड्यातले दिवे इन्व्हर्टरवर घ्या, लाइट गेली तरी काळोख होणार नाही.

एकीला उजेड लागतो आणि शेजारणीला उजेडात झोप येत नाही, हेही भांडण तुमच्याकडे होत असणार. त्यासाठी पलंगाभोवती रुळावरचा सुती पडदा लावा. सायंकाळी हातातल्या किल्ल्यांचा जुडगा एका कापडी पिशवीत ठेवत चला आणि फेरी मारताना दुरूनच "मी आहे गं" म्हणत या.

---

प्रश्न : धाकटी बहीण सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली आहे. नवरा मारतो, आता परत जायचं नाही म्हणते. आमचा टू बीएचके आहे, आई-बाबा, मी, बायको, दोन मुलं. तिला हॉलच देता येतो. आई म्हणते, पंधरा दिवसांचा प्रश्न, काही करू नका. बहीण दिवसभर स्वयंपाकघरात उभी असते, बसतच नाही. तिला बरं वाटावं म्हणून काय करता येईल?
— एक भाऊ, मानेवाडा

उत्तर : भाऊ, ती उभी असते कारण तिला या घरात बसायला जागा नाही. म्हणजे जागा आहे, पण 'तिची' नाही. राहण्याचं भाडं ती कामानं फेडते आहे.

आज संध्याकाळी घराच्या मुख्य दाराची एक किल्ली करून आणा आणि तिच्या हातात द्या. काही बोलू नका, नुसती द्या. मग कपाटातले दोन कप्पे रिकामे करा. हे ती मागायच्या आत व्हायला हवं, आणि तुमच्या बायकोनं तिला ते दाखवलं तर अधिक बरं. पिशवीतले कपडे पिशवीतच राहिले की पाहुणेपण संपत नाही.

हॉलचा एक कोपरा तिचा करा. छताला रूळ ठोकून जाड पडदा, आत मायलेकरांना पुरेल एवढा दिवाण, एक दिवा, एक प्लग पॉइंट, मुलाच्या दप्तराला खुंटी. कोपरा दारापासून सगळ्यात लांबचा निवडू नका असं मी सांगितलं असतं, पण तिलाच विचारा. काही जणींना दारावर नजर हवी असते, काहींना दार दिसूच नये असं वाटतं. रात्री दहानंतर टीव्ही आत न्या. पडद्याच्या आत जाताना सगळ्यांनी, तुमच्या मुलांनीसुद्धा, बाहेरून हाक मारायची. दाराची घंटा कर्कश असेल तर बदला. कोण आलं ते आधी पाहून, मोठ्यानं सांगून मगच दार उघडायचं, म्हणजे स्वयंपाकघरात तिचा जीव टांगणीला लागत नाही.

आईंना सांगा, हे किती दिवसांचं ते ती ठरवील. आणि एक गोष्ट तिलाही माहीत असू द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्याच्या कलम १७नुसार तिला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. तिथं परत जायचं की नाही, हा निर्णय तिचा. पण ती तुमच्याकडे राहते म्हणून तो हक्क आपोआप सुटत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवरून संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे या कायद्याखाली बायकांना मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापर्यंत, कसं पोहोचायचं ते कळतं. फोन तिनं करायचा, हवं तर तुम्ही शेजारी बसा.

हॉलची लांबी-रुंदी, खिडकी आणि दरवाजा कुठं येतात याचा एक कच्चा नकाशा हातानं काढून पाठवा. तुळई कुठून जाते तेही दाखवा. रूळ कुठं ठोकायचा ते मी त्यावर आखून पाठवते.